अडतीस माणसं मी जिवंत केली त्याची गोष्ट

साल दोन हजार चोवीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि एका दुपारी आमची अडतीस नातेवाईक माणसं एकदम मेली.

मला हे मोबाईलवर कळलं. नात शिल्पाचं लग्न नऊ दिवसांवर आलेलं. पत्रिका कुणाकुणाला द्यायच्या त्याची यादी तिनं कॉम्प्युटरवर केली होती आणि ती घरात सगळ्यांच्या फोनवर दिसायची. प्रत्येक नावापुढं एक बारका चौकोन. त्याचं काय करायचं ते ती मला सांगायला बसली होती.

"अज्जा, ऐका तरी."

"मला शिकवू नको. तुझ्या बापाला पाढे मी शिकवलेत." (मी स्वतः चौथीपर्यंत. पण पाढे तीसपर्यंत पाठ.)

ती उठून गेली. मी यादी उघडली, तर निम्मी नावं राखाडी आणि त्यांच्यावर आडव्या रेघा. आता आमच्या घरच्या पाहुण्यांच्या नावांच्या वहीत नावावर रेघ एकाच कारणानं पडते. माणूस गेलं, दिवसकार्य झालं, की मी स्वतः ओढतो. पहिलीच रेघ माझ्या थोरल्या बहिणीवर! लगेच सांगोल्याला फोन लावला.

"आक्का, बरी हायस न्हवं?"

"मला काय धाड भरलीय? शेळ्यांस्नी पाला घालतीया. का रं?"

"काय न्हाय. सहज."

लग्नघरात जित्या माणसांवर रेघा म्हणजे अपशकुनच की. आक्काच्या चौकोनात बरोबरची खूण होती, तिच्यावर बोट ठेवलं. खूण गेली, रेघ गेली, नाव काळंभोर. मग काय, ओळीनं अडतीस माणसं मी चहा गार व्हायच्या आत जिवंत केली. एवढं कुठल्या डॉक्टरला जमलं नसतं.

शेवटी सिद्राम. कापडाच्या मिलमध्ये तीस वर्षं माझ्या शेजारच्या मागावर उभा राहिलेला माझा दोस्त. गेल्या दिवाळीत गेला. घराला अजून त्याचंच नाव, म्हणून शिल्पानं तेच लिहिलेलं. त्याच्यावर मात्र रेघ नाही! मी हात जोडले आणि त्याच्या चौकोनात खूण केली. रेघ आली. हिशेबानं झालं म्हणून मी निवांत झोपलो.

दुसऱ्या दिवसापासून माझा मुलगा महादेव आणि सूनबाई यादीतली मोकळी नावं बघून पत्रिका वाटायला लागले, जवळच्यांना हातानं, लांबच्यांना कुरियरनं. आधीच्या सगळ्या शिल्पानं धाडलेल्या. चार दिवसांनी फोन सुरू झाले. कुर्डुवाडीचे पाहुणे म्हणाले, "दुसरी पत्रिका आली. तारीख बदलली का नवरा?" आक्का म्हणाली, "आदी जिती हाय का इचारतोस, मग दोन-दोन पत्रिका धाडतोस. तुझ्या मनात हाय तरी काय?"

शिल्पानं सगळ्यांना समोर बसवलं. "यादीला हात कुणी लावला?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी छताकडं.

"अज्जा, पत्रिका पोचली की आपण खूण करायची. खूण केली की ओळ आपोआप राखाडी होती आन् रेघ पडती. रेघ म्हंजे पत्रिका पोचली."

"मेलं न्हवं?"

"न्हाय वो."

मी हसणार होतो, पण सूनबाई म्हणाली, "तरी म्हटलं काशीवहिनी शेवया करायला कशा आल्या न्हाईत. पत्रिका तर पोचलीया, रेघ हाय की."

काशीवहिनी म्हणजे सिद्रामची बायको. आमच्या घरातलं एक कार्य त्या बाईच्या हाताशिवाय झालं नाही. आणि दोस्त गेल्यावर त्याच्या घराला मी पत्रिकासुद्धा दिली नाही, असा त्याचा अर्थ झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आंघोळ केली, टोपी घातली, अक्षता घेतल्या आणि एकटाच गेलो. वहिनी दारात उभ्या.

"या भावजी. मला वाटलं, ते गेले तसं आमचं घरबी गेलं."

"वहिनी, मानाची पत्रिका शेवटी देतात," मी म्हणालो. (असा रिवाज कुठंच नाही.)

त्यांनी डोळ्याला पदर लावला, मग हसल्या. "शेवयाचं पीठ भिजवलं का तुमच्या सुनंनं?"

घरी आलो आणि पत्रिका पोचली म्हणून सिद्रामच्या चौकोनावर ऐटीत बोट ठेवलं. तर रेघ गेली.

"अज्जा, खूण आदीच होती की. तुमी काढली," शिल्पा म्हणाली.

तेवढ्यात महादेवानं त्याच्या फोनवर ओळ मोकळी बघितली, पत्रिका काखेत मारली आणि चपला घातल्या. मी त्याला अडवलं नाही. सगळ्यांना दोन-दोन गेल्या, वहिनीलाच एक कशी द्यायची?