आंबलेली टाकी

आमचे गोटीराम भाऊजी नीट मांडी घालून जेवलेत असं मला आठवत नाही. चार घास पोटात गेले की उठले, हात धुतला न धुतला, निघाले टाकीकडं.

देवळ्यापासून अर्ध्या तासावर आमचं गाव. गावाचा ओला कचरा, शेण अन् कांदा साठवायच्या चाळींतला सडका माल घालून गोबरगॅसची मोठी टाकी चालते. तिच्यावर आमच्या गल्लीतल्या सव्वीस शेगड्या. ती टाकी सांभाळतात भाऊजी, माझे धाकटे दीर. घंटागाडीतलं प्लास्टिक हातानं वेचतात, आतले बुडबुडे ऐकायला टाकीला कान लावतात. मी चिडवायची, "बायकोची तरी एवढी काळजी केली असती का हो?" तर म्हणायचे, "वहिनी, हिला सांभाळतो तेच लय हाय."

चार पाट्या शेणाला एक पाटी कांदा, हा त्यांचा नियम. यंदा श्रावणात चाळी घमघमायला लागल्या अन् चार दिवसांत तीन ट्रॉल्या नुसता कांदा आत गेला. झालं! टाकी आंबली. शेगडी फुसफुसली अन् विझली.

गल्लीनं नुसता शिमगा केला. आम्ही बायकांनी भाऊजींच्याच शब्दावर चुली फोडलेल्या! मीही बोलले, खोटं कशाला सांगू? ग्रामसभेत एकच गलका, टाकी मोडा, जागा मोकळी करा. सगळ्यांत मोठा आवाज आमच्या ह्यांचा, सख्ख्या भावाचा. सरपंचबाईंनी विचारलं, "माल कुणाचा होता, गोटीराम?"

"कुणाचा का असंना, टाकला मी," भाऊजी म्हणाले. "एकवीस दिवस द्या. नाय पेटली तर मीच मोडतो."

एकवीस दिवस करायचं काय, तर काहीच नाही. थोडा चुना, थोडा ताजा शेणकाला, अन् वाट बघायची. हेच त्या माणसाला जमेना. पहाटे जाऊन यायचे, दुपारी जाऊन यायचे. नळीला नाक लावायचे, तोंड आंबट करून परत. गालफडं बसली. माझा जीव तुटायचा अन् रागही यायचा. एकदा ओरडलेच, "अहो, निदान पाणी तरी प्या उभ्या उभ्या!"

सतराव्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन गेले तर फाटकात आमचाच ट्रॅक्टर. ट्रॉली सडक्या कांद्यानं शिगोशीग, वर आमचे हे. भाऊजी बॉनेटला हात लावून उभे.

"दादा, नको. कालपासनं बुडबुडे यायला लागलेत. आज हे घातलं तर पुन्हा मरंल."

"घरात वासानं बसवंना, गोट्या. कुठं टाकू?"

"रानात खड्डा घेऊ, मी येतो खांदायला. इथं नको."

हे भडकले. "मागच्या तीन ट्रॉल्या घेतल्यास, तेव्हा बरा चालला माझा कांदा!"

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. तीनही आमच्याच? अन् हा माणूस सतरा दिवस गावाच्या शिव्या खात होता, त्यातल्या निम्म्या आमच्याच घरातल्या! ह्यांनी मला बघितलं, मान फिरवली, ट्रॅक्टर मागं घेतला. त्या संध्याकाळी दोघा भावांनी रानात खड्डा खांदला.

एकविसाव्या दिवशी सकाळी शेगडी पेटली. आधी पिवळी, धडपडत, मग निळी. मला रडूच फुटलं.

दुपारी ग्रामसभा. टाकी राहू द्यायची ठरली, पण गोटीरामला काढा, माणूस बेभरवशाचा, असं एकानं काढलं अन् माना डोलायला लागल्या. भाऊजी दाराशी उभे. मी ह्यांच्याकडं पाहिलं. ते सतरंजीचा धागा उपसत बसलेले.

मी उठले. सासरच्या गावात भर सभेत कधी उभी राहिले नव्हते.

"सरपंचबाई, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, माल कुणाचा. आमचा होता. तीनही ट्रॉल्या आमच्या. मोठ्या भावाला नाही म्हणता आलं नाही, एवढीच भाऊजींची चूक."

सगळी सभा ह्यांच्याकडं बघायला लागली. ह्यांनी मान वर केली नाही, पण बारीक आवाजात म्हणाले, "खरं सांगते ती."