आईच्या कमरेचा पंप

महाडच्या कॉलेजात मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय. पोलादपूरकडच्या आमच्या गावी आई दर उन्हाळ्यात राब भाजते. भाताचं बी टाकायच्या जागेवर शेण, डहाळ्या, पालापाचोळा पसरायचा आणि जाळायचा. मग कितीतरी दिवस तिची छाती वाजते. धुरात उभी राहू नकोस, असं सांगून मी थकलो. तुझं सगळं पुस्तकातलं, म्हणून ती हसायची.

गेल्या वर्षी आमच्या विभागात एक तरुण प्राध्यापिका आली. हवेतली धूळ हा तिचा विषय. तिला राबाचा धूर तपासायचा होता, म्हणून मीच तिला घरी नेलं. तिनं आईच्या कमरेला छोटा पंप बांधला, नळी खांद्यावर आणून टोकाला गाळणकागद बसवला. मी आणलेला मास्क आईनं चुलीत घातला होता. हा पंप मात्र ती दागिन्यासारखा मिरवत फिरली. वर त्या प्राध्यापिकेला सांगितलं, की हल्ली निजताना दम कोंडतो, दोन उशा लागतात. हे मला माहीत नव्हतं. ओटीवर बसल्या बसल्या मला त्या मुलीचा हेवा वाटला.

यंदा राबाच्या तोंडावर तिचं काम पुरं झालं. कशेडी घाटातल्या ट्रकांची धूळही तिनं गोळा केली होती. दोन्ही धुळी सारख्याच वजनाच्या घेतल्या. शरीरातल्या रक्षक द्रव्यांसारखं वागणारं एक रसायन त्यांत घातलं. राबाच्या धुरानं ते कितीतरी लवकर संपवलं. फुप्फुसावर तसाच ताण येत असणार, ती म्हणाली. धूळ किती घातक, हे मी आजवर फक्त तिच्या वजनावरून ठरवत आलो होतो.

"सर, आईंना तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतील."

मी गावी जाऊन सांगितलं, पण माझं म्हणून. तिचा उल्लेख मुद्दाम टाळला. आई "बरं" म्हणाली आणि सकाळी राब पेटवून धुरातच उभी राहिली. खोकल्यानं ती पार वाकली, तेव्हा माझ्याच्यानं राहवेना.

"आये, हे माझं नाय. तुझ्या पंपातला कागद तिनं तपासलाय. हा धूर ट्रकांपेक्षा वाईट हाय."

"मग काल सांगायला काय झालं होतं रे?"

विस्तव हलवायची काठी माझ्या हातात देऊन ती वारा येत होता त्या अंगाला, बांधापलीकडे जाऊन बसली. माझ्या शब्दाखातर ती इतकी लांब कधी गेली नव्हती. तिचा खोकला थांबला. मी राब सारखा करत राहिलो, आणि मनातून अजूनही त्या मुलीवर चिडलेलो होतो.