डॅशबोर्डवरची काडतुसं

टेक्सासमध्ये रानडुकरावर झाडलेली गोळी डुकराला लागली नाही. ती बहरीनमध्ये मला लागली.

माझा मेव्हणा मंदार अमेरिकेत मिनेसोटाला असतो आणि हौसेने शिकार करतो. (सासरेबुवांना अजून वाटतं, तो रविवारी पक्षी बघायला जातो.) काडतुसं तो विकत घेत नाही, तळघरात बसून पावडर मोजून स्वतः भरतो. त्या उन्हाळ्यात तो आपल्या बॉसला टेक्सासला शिकारीला नेणार होता. इथलं माझं काँट्रॅक्ट संपत आलं होतं आणि त्याच बॉसकडे माझा नोकरीचा अर्ज पडून होता. माझी बायको स्वाती तर इतकी निर्धास्त, की बहरीनच्या जिदहफ्स भागातल्या आमच्या फ्लॅटचे पडदे तिने शेजारणीला देऊनही टाकले!

मंदारचा फोन आला. "दाजी, काडतुसं मी हिवाळ्यात बर्फात उभं राहून तपासलीत. टेक्सासच्या उन्हात काही फरक पडेल का?"

मी एसीचा इंजिनिअर. उन्हाबद्दल कोणी आदराने विचारतंय, हे माझ्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. मी मिळेल ते वाचलं आणि भर दुपारी पार्किंगमधल्या बंद गाडीत केकचा थर्मामीटर घेऊन बसलो. लेक काचेवर टकटक करून म्हणाली, "बाबा, यू आर द केक."

घाम पुसून मंदारला व्याख्यान दिलं. पावडर तापली की जास्त जोरात जळते, आतला दाब वाढतो, गोळी नेमाच्या वर जाते, आणि थंडीत बेतलेलं काडतूस उन्हात रायफललाही झेपत नाही. नव्याने भर, असं सांगितलं. त्याला वेळ नव्हता. मग मी अस्सल बहरीनी उपाय सुचवला: आइसबॉक्स. इथे तो प्रत्येकाच्या डिकीत असतोच. मासे, मिठाई, औषधं, स्वातीची लिपस्टिकसुद्धा त्यातून घरी येते. काडतुसं डब्यात घट्ट बंद करून झाडायच्या क्षणापर्यंत गार ठेव, म्हटलं. मंदारने ऐकलं, आणि ही युक्ती बहरीनच्या दाजींची, असं बॉसला कौतुकाने सांगितलंही. सासरकडून इतकं श्रेय मला कधीच मिळालं नव्हतं.

शिकारीच्या दिवशी बॉसला बिअर गार करायची होती. आइसबॉक्समध्ये जागा नव्हती. त्याने काडतुसांचा डबा काढून डॅशबोर्डवर, काचेखाली, कडक उन्हात ठेवला आणि दोघं जेवायला गेले. नंतर डुक्कर आलं. बॉसची गोळी त्याच्या पाठीवरून गेली, आणि रिकामं काडतूस बाहेर काढायची दांडी अशी आवळून बसली की दुसरी फैर झाडताच येईना. बॉस दांडीवर बूट आपटत होता आणि डुक्कर जरा वेळ थांबून ते बघत होतं म्हणे.

मंदारचा पुन्हा फोन आला. "दाजी, बर्फानेच काडतुसं बिघडली असं बॉसच्या डोक्यात बसलंय. असला सल्ला देणारा माणूस नको म्हणाला."

"डॅशबोर्डवर कोणी ठेवली ती?"

"ते मी त्याला कसं सांगू? माझी नोकरी आहे तिथे."

स्वाती शेजारीच होती. भावाला तिने एका शब्दाने विचारलं नाही. मला मात्र म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितला होता शहाणपणा करायला?" मला मनापासून राग आला. बॉसचा आला, मंदारचा आला, आणि खोटं कशाला बोलू, तिचा सगळ्यात जास्त आला.

काँट्रॅक्टबरोबर इथला व्हिसाही खलास. सामान साताऱ्याला जायचंय. पडदे परत मागायची लाज वाटते, म्हणून शेवटचा महिना आम्ही उघड्या खिडक्यांत उन्हात भाजतोय.

तापलं की पावडरीचा जोर वाढतो, हे शास्त्र आहे. मीही इथे वर्षानुवर्षं तापलोय. आणि त्या दिवशी फोनवर मंदारला शेवटी काय म्हणालो? "असू दे रे. बॉसना माझा नमस्कार सांग."