ग्लोरियाचा हात

पाचूबंदरची मार्था जिभेची तिखट. वसईच्या बाजारात पापलेटाचा कल्ला उघडून पुन्हा पुन्हा वास घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ती विचारायची, "म्हावरा घ्यायचाय की सोयरीक जमवायचीय?" मी तिची शेजारीण, पण माझीही तिने कधी गय केली नाही. ती सातवीत असताना तिची आई आजारी पडली, मासळीची टोपली हिच्या डोक्यावर आली आणि शाळा सुटली ती सुटलीच. त्याचं रडगाणं तिने कधी गायलं नाही. लेक ग्लोरिया दहावीनंतर आपल्या शेजारी बाजारात बसणार, हे मात्र ती सगळ्यांना अभिमानाने सांगायची. "पोरीलाच आवड हाय, कोनी जबरदस्ती नाय केली." पोरगी नुसती हसायची. आम्हीही माना डोलवायचो.

२००२ च्या फेब्रुवारीत मार्थाच्या मुलांच्या शाळेवरचा माहितीपट टीव्हीवर लागणार होता. ईस्टरआधीच्या उपवासकाळात टीव्ही बंद, हा तिचा नियम. मुलांसाठी तिने तो मोडला आणि मलाही बोलावलं. नवरा पास्कल बोटीवर गेला होता. ग्लोरिया आणि तिचा मोठा भाऊ केल्विन एकाच वर्गात होते, कारण केल्विनने नववीत एकदा गटांगळी खाल्ली होती.

पडद्यावर प्रार्थना झाली, डबे उघडले. केल्विन दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा कॅमेऱ्याकडे बघून दात काढत होता. मार्था भलतीच खुशीत होती. मग कुणीतरी वर्गाला विचारलं, "दहावीनंतर पुढे कोण कोण शिकणार?" भराभर हात वर झाले, केल्विनचासुद्धा. पहिल्या बाकावरची ग्लोरिया तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती.

"बगा," मार्था मला म्हणाली, "मी सांगत व्हते ना?"

"आय, तो प्रश्न त्यांनी दोनदा विचारला," केल्विन म्हणाला. "पहिल्यांदा कॅमेरा चालू नव्हता. तेव्हा हिचाच हात सगळ्यांत आधी वर होता."

ग्लोरियाने त्याला कोपर मारलं, पण तो बोलून बसला होता. मार्थाने उठून टीव्ही बंद केला.

"मग खाली का केलास?"

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण ते बरं दिसलं नसतं.

"टीव्हीवर तू बघशील म्हणून," ग्लोरिया म्हणाली.

मार्था खाली बसली. इतक्या वर्षांत तिच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"माज्या आयने मला इचारलं नव्हतं," ती म्हणाली. "तुला मी इचारलं, असंच मला वाटत व्हतं गं." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "आता सांग. काय करायचंय तुला?"

"शिकायचंय. पण तू एकटी पडशील."

"पडेन," मार्था म्हणाली. "तरी शीक."