काकांचं भाषण मी इंग्रजीत केलं

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेतल्या पिस्कॅटवेला शिकत होतो. आमच्या लॅबच्या इमारतीत एक तिबेटी म्हातारे झाडलोट करायचे. भारतात वीसेक वर्षं डोंगरातले रस्ते बांधताना ते हिंदी शिकले होते. मी नागपूरचा बौद्ध आहे म्हटल्यावर हरखले. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला बेटा.

बुद्धजयंतीला आम्ही पंचवीस-तीस मराठी बौद्ध एका शाळेच्या हॉलमध्ये जमायचो. त्या वर्षी अमेरिकन पाहुणे येणार होते, म्हणून तिबेटवर बोला अशी मी काकांना गळ घातली. त्याचं इंग्रजी भाषांतर मी करणार होतो. त्यांनी एकच अट घातली. "माझ्या भावाचं नाव सांगेन. त्याचं नाव कुणीच घेत नाही."

त्रिसरण-पंचशील झालं आणि काका हिंदीत बोलू लागले. चिनी फौज यायच्या कितीतरी आधी त्यांच्या खाम प्रांतातल्या टोळ्या ल्हासाच्या तिबेटी सरकारविरुद्धच उठल्या होत्या, कारण करवसुलीला आलेल्या अंमलदारांनी गावं नागवली होती. भाऊ त्यात तिबेटी शिपायाच्याच गोळीने गेला, हे त्यांनी त्याचं नाव घेऊन सांगितलं. पुढे चिन्यांशी लढायची वेळ आली तेव्हा काका भिक्खू होते. त्यांनी गुरूपुढे बसून व्रतं परत केली, चीवर उतरवलं आणि मगच बंदूक उचलली.

माझी पाचावर धारण बसली. आत्ताच आम्ही प्राणिहत्या न करण्याचं शील घेतलं होतं, समोर पाहुणे शांतीचं ऐकायला बसले होते, आणि हे काय भलतंच! मी अतिशहाणपणा केला. इंग्रजीत म्हणालो, चिन्यांनी यांचा देश घेतला, यांचा भाऊ मारला, तरी हे शांतीची प्रार्थना करतात. भावाचं नाव घेतलंच नाही, उगाच कुणी खोलात शिरलं असतं. टाळ्या कडाडल्या.

"मस्त ट्रान्सलेट केलंस यार, एकदम टचिंग!" मित्र म्हणाला.

काका कोट चढवत होते. "बेटा, मला इंग्रजी बोलता येत नाही. पण कळतं," ते म्हणाले. "ल्हासावाल्यांनीही त्याला असंच गाळलं."

त्यानंतरही ते लॅबमध्ये दिसायचे, मान हलवायचे. बेटा मात्र पुन्हा म्हणाले नाहीत. माफी मागायला मी आज-उद्या करत राहिलो आणि डिग्री घेऊन निघून गेलो.

आमच्याही लढलेल्या माणसांना इतिहासाने ओळभर जागा दिली नव्हती, यावर मी तावातावाने भांडायचो. निदान मला तरी कळायला हवं होतं. लाज वाटते.

आता काका नाहीत. ते भाषण मी अलीकडे मुलीला पहिल्यापासून सांगायला बसलो. सगळं आठवलं, अंमलदार, गोळी, चीवर. भावाचं नाव काही केल्या आठवलं नाही.