मुद्देमालात उभी राहिलेली हंड्रेड

ती केस माझ्या डोक्यातून अजून गेली नाय. नोकरीत चोऱ्या-माऱ्या लय पाहिल्या, मुडदे पाहिले, ते सगळं इसरले. ही एका जुन्या मोटरसायकलची चोरी. चोर सापडला, गाडी सापडली. तरी तीच आठवती.

मी सातवी शिकलेली. नवरा पोलिसात शिपाई व्हता, तो गेला अन् त्याच्या जागेवर मला घेतलं. त्याच्या मागं दोन वस्तू राहिल्या, एक माझा पोरगा अन् एक त्याची जपानी हंड्रेड, शंभर सीसीची मोटरसायकल. पोरगा शिकून पुण्याला गेला. गाडी राहिली. पोलीस ठाण्याला जायला बस वेळेवर नाय, म्हणून मी ती शिकले. पडले, पाय पोळला सायलेन्सरनं, पण शिकले. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा, कार्बोरेटर उघडून फुंकायचा, साखळीला तेल द्यायचं, हे सगळं मीच करायचे. वर वर्दीतली बाई अन् खाली धूर काढणारी गाडी. ठाण्यातली पोरं लांबून आवाज ऐकूनच म्हणायची, "बाई सिग्नलला आल्या वाटतं. चहा टाका रे, पोचतील इतक्यात."

असंच एका सकाळी मी ठाणे अंमलदाराशेजारी बसलेले. एक म्हातारा आला. सत्तरीचा असंल. धोतर-टोपी, हातात कापडी पिशवी. मखमलाबादच्या पुढं मळ्यात राहणारा, झेंडू अन् भाजी करणारा माणूस. दवाखान्याच्या दारातून त्याची गाडी गेली व्हती.

अंमलदार म्हणला, "कोणती गाडी, बाबा?"

"जपानी. हंड्रेड. जुनी हाय, पण एका किकमध्ये चालू होती."

अंमलदार हसला. "बाई, तुमच्या गाडीची बहीण गेली बघा."

मी म्हाताऱ्याला पाणी दिलं. चोरी म्हणलं की माणसं आधी किंमत सांगतात. याच्या तोंडात किंमत नव्हती. तो म्हणला, "परवा परत मशिनीवर न्यायचीय तिला. कसं नेऊ?"

मंग कळलं. त्याच्या बायकोच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा रक्त धुवायला मशिनीवर न्यावं लागायचं. मळ्यापासून डांबरी रस्ता लांब, म्हातारीला चालवत नाय. पहाटेचा नंबर, त्या टायमाला मळ्यात रिक्षा येत नाय. शेजाऱ्याचा टेम्पो त्याच वेळी माल घेऊन मार्केटला जातो. एकच पोरगी, ती मनमाडला दिलेली. म्हणून हा तिला गाडीवर बसवायचा अन् उपरण्यानं आपल्या कमरेला बांधायचा. येताना तिच्यात काय जीव राहायचा नाय, मान टाकायची. म्हणून त्यानं सीटच्या मागं लोखंडी खुर्चीची पाठ वेल्डिंग करून घेतली व्हती. तिला टेकायला.

मी विचारलं, "टाकीत पेट्रोल किती व्हतं?"

"रिझर्व्हला आली व्हती. जाताना भरणार व्हतो." त्यानं पिशवीतून एक बाटली काढली. हिरवं तेल, अर्धी बाटली. "हे तेल पण राहिलं माझ्याकडंच. चोराला म्हणावं, टाकून घे. नाय तर मरंल गाडी."

इथं थोडं सांगावं लागंल. असल्या गाडीचं इंजिन पेट्रोलमध्ये तेल असंल तरच चालतं. कंपनीनं त्याला बाजूला तेलाची छोटी टाकी अन् पंप दिलेला असतो, तो आपोआप तेल ओढतो. पण गाडी जुनी झाली की पंप दगा देतो. म्हणून आमच्याकडं मिस्त्री त्या पंपाला पत्रा लावून तो बंदच करून टाकतात, अन् मालक पेट्रोल भरताना हातानं तेल मिसळतो. माझ्या गाडीला तसंच, म्हाताऱ्याच्याही तसंच. वरून बघून कोणाला कळत नाय.

मी मोठ्या साहेबांकडं गेले. म्हणलं, "साहेब, गाडी लांब जाणार नाय. चोर पंपावर नुसतं पेट्रोल भरंल. थोडं पळवली की पिस्टन चिकटणार. मंग इंजिनाचा ब्लॉक आतून घासून, बोर करून घ्यायला कुठंतरी येणारच तो."

साहेब म्हणले, "बाई, तुम्ही पोलीस आहात का मिस्त्री?"

"दोन्ही नाय साहेब. मी ती गाडी चालवते."

साहेब माणूस चांगला. म्हणले, "करा तुमच्या पद्धतीनं."

सीसीटीव्हीत तोंडाला रुमाल बांधलेला माणूस दिसत व्हता, बाकी काय नाय. मी माझी गाडी काढली अन् सातपूर, अंबड, सिन्नर, जिथं जिथं बोरिंगचं लेथ हाय तिथं सांगून आले. हंड्रेडचा चिकटलेला ब्लॉक आला की मला फोन करायचा. चोराला काय बोलायचं नाय, उद्या ये म्हणायचं.

तोवर म्हातारीचं काय? पहिल्या खेपेला पोरगी मनमाडहून आली, टेम्पोवाल्याच्या पाया पडून नेलं. पुढच्या खेपेला माझी सुट्टी व्हती. मी गेले. उपरण्यानं तिला माझ्या कमरेला बांधलं. म्हातारी हलकी, चिपाडासारखी. पण तोंड चालू.

"पोरी, आवाज तर सेम आमच्या गाडीचा गं."

"हो आजी, एकाच घरातल्या हायेत."

"ती माझी सवत. म्हातारा रोज सकाळी तिला पुसायचा, मला नाय पुसलं कधी. पळाली मेली कोणाचा तरी हात धरून." हसली अन् मंग खोकत राहिली. येताना माझ्या पाठीवर डोकं टाकलं. म्हणली, "तुझ्या गाडीला पाठ टेकायला नाय गं."

म्हातारा दारात उभा राहायचा. दोघांना एका गाडीवर न्यायची सोय नव्हती, म्हणून तो घरीच राहायचा, अन् आवाज आला की फाटकापाशी यायचा. मी पण सगळ्या खेपा करू शकत नव्हते. कधी बंदोबस्त, कधी कोर्टाची ड्युटी. मंग एक खेप चुकायची. दोन चुकायच्या.

सिन्नरच्या लेथवाल्याचा फोन आला. "बाई, तुम्ही सांगितला तसा ब्लॉक आलाय. पिस्टनवर उभे ओरखडे. तेलाचा थेंब नाय बघा आत."

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यात दोघं शिपाई अन् मी बसलो. ब्लॉक न्यायला आला तो तीस-पस्तिशीचा माणूस, सातपूरला कंपनीत कामाला. चांगला शर्ट, पायात बूट. त्याच्या खोलीमागं गाडी मिळाली. रंग बदललेला, चेसिस नंबर ग्राइंडरनं घासलेला, मागची लोखंडी पाठ कापलेली.

ठाण्यात आणला तर त्याची मान ताठ. "माझ्या चुलत्याची गाडी हाय. पाच वर्षं मीच चालवतो. नंबर गंजला म्हणून घासला. चोरीची हाय हे सिद्ध करा."

साहेबांनी आवाज चढवला, टेबलावर काठी आपटली. तो हलला नाय. असले लोक आवाजाला भीत नायत, तयारी करून येतात. मी म्हणलं, साहेब, मी बोलू का? त्याच्यासाठी चहा मागवला. त्याला अर्धा कप पिऊ दिला अन् मंग विचारलं, "पाच वर्षं चालवतो, तर तेल किती टाकतो रे?"

तो माझ्याकडं बघून हसला. "मॅडम, तुम्हाला माहीत नसंल. या गाडीला बाजूला तेलाची वेगळी टाकी असती. पंप आपोआप ओढतो."

"हो का? मंग ती टाकी भरलेली हाय का आता?"

"फुल्ल हाय. आणल्या आणल्या—" तिथं अडकला. "मी कायम फुल्लच ठेवतो."

"फुल्लच राहणार बाळा. ओढतंय कोण? पंपाला पत्रा मारलाय. पाच वर्षं चालवली अन् तेलाचा एक थेंब कमी झाला नाय, तुला एकदा पण नवल वाटलं नाय?"

शिपायानं इंजिनाच्या बाजूचं झाकण काढून पत्रा दाखवला. त्यानं कप खाली ठेवला. मंग सगळं सांगितलं. दवाखान्यात मेव्हण्याला बघायला आला व्हता. बाहेर गाडीचा आवाज ऐकला. त्याच्या मित्रांकडं असल्या गाड्या, रंगवून, चमकवून, रविवारी घाटात फिरवायच्या. याला पण पाहिजे व्हती.

मी विचारलं, "मागची पाठ कुठंय?"

"कापून कॅनॉलात टाकली. वाईट दिसायची."

"ती कशासाठी व्हती माहीत हाय?"

"नाय." मंग म्हणला, "म्हातारा माणूस हाय ना मॅडम. त्याला काय, कोणतीपण गाडी चालली असती."

मी ते जबाबात लिहून घेतलं. त्याला वाईट माणूस म्हणावं, तर तो घरी आईला गोळ्या देऊन येणारा माणूस व्हता. हेच लय वाईट असतं. सरळ सरळ राक्षस भेटत नाय.

साहेबांनी माझी पाठ थोपटली. ठाण्यात पेढे आले. म्हाताऱ्याला फोन केला, तो धावत आला. नव्या रंगाखाली त्यानं गाडी ओळखली, हँडलवर हात ठेवला. "नेऊ का?"

आता नेता येत नाय, हे त्याला कोणी सांगायचं? मीच सांगितलं. गाडी आता मुद्देमाल, केसमधला पुरावा. कोर्टाच्या हुकुमाशिवाय सुटत नाय. घासलेला नंबर तपासायला पाठवायचा, त्याचा अहवाल यायचा. अन् त्याच्या वर एक अडचण निघाली. आरसी, म्हणजे मालकीचा कागद, त्याच्या नावावरच नव्हती. त्यानं ती गाडी तरुणपणी आपल्या दोस्ताकडून घेतलेली, शब्दावर. दोस्तात कागद कशाला, म्हणून नाव बदललंच नाय. आमच्या भागात निम्म्या जुन्या गाड्या अशाच चालतात. दोस्त मरून गेला, त्याची पोरं कुठं कुठं पांगली. कोर्ट म्हणलं, वारसांनी लिहून द्यावं.

"बाई, सगळ्या मळ्याला माहीत हाय गाडी माझी हाय."

"मला पण माहीत हाय बाबा. पण ते चालत नाय."

मी एका वारसाला मनमाडला शोधला, रेल्वेत व्हता, सही घेतली. दुसऱ्याला सुरतेत. तारखा पडत गेल्या. एकदा कोर्टात जज रजेवर, एकदा वकील, एकदा अहवालच आला नाय. मी साहेबांना लय वेळा म्हणलं. ते म्हणायचे, "बाई, माझ्या हातात असतं तर मी ढकलत नेऊन दिली असती." खोटं बोलत नव्हते. ठाण्याच्या मागं लिंबाखाली गाडी उभी. पंक्चर झाली. सीटवर पालापाचोळा. ब्लॉक वेगळ्या पोत्यात, त्याला सील.

मी जमंल तव्हा म्हातारीला नेत व्हते. ती सुजत चालली. एका सकाळी गेले तर म्हणली, "आज नको पोरी. आज दम नाय." मी म्हणलं, आजी, बांधते मी घट्ट. ती म्हणली, "बांधून किती दिवस नेशील?" म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं अन् मान हलवली. त्या दिवशी मी रिकामी गाडी घेऊन परत आले.

पुढच्या खेपेची गरज पडली नाय.

कोर्टाचा हुकूम आला तव्हा तिचं वर्षश्राद्ध जवळ आलेलं. म्हातारा सही करायला आला. मी त्याला लिंबाखाली नेलं. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. सीटच्या मागं हात फिरवला, जिथं वेल्डिंगचे दोन ठसे राहिले व्हते.

"पाठ नाय का सापडली?"

"नाय बाबा. कॅनॉलात गेली."

"मंग राहू द्या."

"बाबा, गाडी तुमची हाय. ब्लॉक बसवून देईन मी, चालू करून देईन."

"कुठं जायचं हाय बाई मला?" तो काय रडला-बिडला नाय. पिशवीतून ती अर्धी बाटली काढून माझ्या हातात दिली. "तुमच्या गाडीला होईल."

गाडी त्यानं नेलीच नाय, मंग ती बेवारस मालाच्या लिलावात भंगारात गेली. केस आमच्या दप्तरी उघडकीस आलेली म्हणून लागली, चोराला शिक्षा पण झाली. मला एक प्रशस्तिपत्र मिळालं.

लोक मला विचारतात, एवढी वर्षं पोलिसात काढली, काय शिकल्या? मी सांगते, आम्ही वस्तू शोधतो. पण चोरी झाली तव्हा त्या वस्तूवर कोण बसलेलं व्हतं, ते शोधायचं कलम नाय. चोर धरला की आम्हाला वाटतं काम झालं. ज्याचं गेलं त्याचं काम तिथून पुढं चालूच असतं, अन् तिथं कोणी पेढे वाटत नाय.

गुडघा आता किकला साथ देत नाय, तरी मी अजून तीच गाडी काढते. दुसरी परवडत नाय अन् दुसरी येत पण नाय. म्हाताऱ्याची बाटली मी लय दिवस फळीवर ठेवली व्हती. मंग एकदा पेट्रोल भरायला निघाले तर माझं तेल संपलेलं. ती बरोबर नेली अन् पंपावर टाकीत ओतली. तेल ठेवून काय करायचं. गाडी त्याच्यावर सातपूरपर्यंत गेली अन् परत आली. नेहमीसारखाच धूर निघाला.