वरच्या मजल्यावरची जड पावलं

आमच्या इमारतीत एकदा अशी कुजबुज उठली, की तिसऱ्या मजल्यावरच्या खुडबुडीच्या खोलीत भर दुपारी एक पुरुष येतो. जाड बुटांचा, जड अंगाचा आणि चालीवरून वयाने चांगलाच पिकलेला. घरात दुसरं कुणी नसताना येतो, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो आणि थांबतो. मग खुडबुडी हलक्या आवाजात त्याच्याशी बराच वेळ काहीतरी बोलते. मग तो पुन्हा चालायला लागतो.

बातमी दुर्बीणकाकूंची, म्हणजे शंकेला जागाच नाही. काकू बरोबर त्या खोलीच्या खाली, दुसऱ्या मजल्यावर राहतात. दुर्बीण ही पदवी त्यांना इमारतीने एकमताने दिली आहे. त्यांना ती ठाऊक आहे आणि मनातून आवडतेसुद्धा, असा माझा संशय आहे. या प्रकरणात मात्र डोळ्यांचा काही उपयोग नव्हता, सगळी भिस्त कानांवर होती. आणि छताला कान लावायचा तर माणसाला स्टुलावर चढावं लागतं. काकू चढल्या. गुडघ्यांमुळे पायपुसणं उचलायलाही ज्या वाकत नव्हत्या, त्या काकू स्टुलावर चढल्या! डॉक्टरांना वर्षानुवर्षं जे साधलं नाही ते कुतूहलाने एका दुपारी साधलं.

"पण काकू, जिन्याने वर जाताना कुणी दिसलं का?" खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी विचारलं.

"दार किलकिलं ठेवून बसते मी रोज. कुणी परका नाही हो. आपलीच माणसं येतात-जातात."

"मग हा शिरतो कुठून?"

"तेच तर!" असं म्हणून काकूंनी भुवया अशा काही उंचावल्या, की शिंपीणबाईंच्या हातातली सुई हातातच राहिली.

आता या मुलीबद्दल थोडं सांगायला हवं. खुडबुडी हे तिचं नाव नव्हे, पण तिच्या आईशिवाय तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही. लहानपणापासून पोरीला वस्तू वाजवून बघायची खोड. इतर मुलं खेळणं हातात आलं की मोडतात, ही आधी कानाशी धरायची. मोठी झाली, औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात गेली, पांढरा कोट घालायला लागली, तरी खोड गेली नाही. उलट तिला आता एक मायक्रोफोन आणि जुना कॉम्प्युटर मिळाला होता, म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

कॉलेज सकाळचं. दुपारी घरी आली की हिची प्रयोगशाळा सुरू. कापडी पिशवीत कॉर्नफ्लॉर भरून ती मुठीने दाबली की ताज्या बर्फावर कुणी चालतंय असं वाटतं. जुन्या कॅसेटमधली फीत उपसून तिचा गुंता पायाखाली घेतला की वाळलेलं गवत. चामड्याचे हातमोजे एकमेकांवर आपटले की कबुतर उडालं. हे सगळं मी स्वतः डोळे मिटून ऐकलेलं आहे, आणि कबुतराच्या वेळी डोक्यावर हात धरलेला आहे. ती हसून लोटपोट झाली.

"काका, पंख नव्हते ते, हातमोजे होते."

"हो, पण हातमोज्यांचाही काय भरवसा?"

ओळखीपाळखीचे विद्यार्थी छोट्या फिल्म करायचे, त्यांना ती असे आवाज पुरवायची. म्हणजे फुकटच, पण पडद्यावर दार करकरलं की तिच्या चेहऱ्यावर नवस फेडल्याचं समाधान.

तिचं सगळं बिनसलं ते फ्रीजमुळे. आवाज टिपायचा तर खोलीत शांतता लागते. पंखा बंद, खिडक्या बंद, आणि भिंतीपलीकडचा फ्रीज घूं करतो म्हणून तोही बंद. एरवी काम झालं की ती तो आठवणीने सुरू करायची. पण एकदा ती आवाज टिपून उठली आणि तशीच आईवडिलांबरोबर मावशीकडे मुक्कामाला निघून गेली. परत आल्यावर दार उघडलं तेव्हा वासाने तिघंही दोन पावलं मागे सरली. दूध, निवडून-चिरून ठेवलेल्या भाज्या, सगळं कामातून गेलेलं. तिची आई बालवाडीत शिकवते, पंचवीस पोरं एकाच वेळी रडली तरी जिचा आवाज चढत नाही अशी बाई. त्या दिवशी तिचा आवाज तळमजल्यावर स्पष्ट ऐकू आला.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, त्याच आठवड्यात कॉलेजचा निकाल लागला. खुडबुडीची केमिस्ट्री राहिली.

तिचे वडील पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क. देह भारदस्त, बोलणं त्याहून भारदस्त. जिना चढायला लागले की कठडासुद्धा अदबीने थरथरतो. त्यांनी बायकोच्या देखत मायक्रोफोन उचलला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"केमिस्ट्री सुटेपर्यंत हे कपाट उघडणार नाही. समजलं?"

"बाबा, पण एक काम घेतलंय मी."

"अभ्यास हेच काम. माझा शब्द म्हणजे शब्द."

घेतलेलं काम असं होतं. चित्रकलेच्या कॉलेजातला एक मुलगा, आपण त्याला दाढी म्हणू, कारण त्याला तुरळक का होईना ती होती आणि तो तिला सतत कुरवाळायचा, हाताने चित्रं काढून एक छोटी फिल्म बनवत होता. गोष्ट एवढीच, की दीपगृहाचा म्हातारा राखणदार रोज खडीच्या वाटेने खाली समुद्राकडे जातो आणि परत येतो. संवाद नाहीत. म्हणजे सगळा जीव पावलांत. फिल्म स्पर्धेला जायची होती, आणि खुडबुडीचं हे पहिलं असं काम, जे अनोळखी माणसं ऐकणार होती. पोरीला दुसरं काही नको होतं. औषधांचं शिक्षणही सोडायचं नव्हतं, तेही तिला आवडायचं. फक्त आपल्या कानाला खरंच काही किंमत आहे का, एवढं तिला एकदा कळून घ्यायचं होतं.

मायक्रोफोन नाही म्हणून तिने मोबाइलवरच काम उरकलं. ट्रेमध्ये खडी पसरली, बाबांचे जुने बूट घातले, चालली, आणि आवाज घेऊन दाढीकडे गेली. त्याने आधी तिच्या कानांवर हेडफोन चढवले.

"हे ऐक. कॉम्प्युटरला नुसतं लिहून दिलं, म्हातारा, बूट, खडी. चहा गाळेपर्यंत पावलं तयार."

तिने ऐकलं. स्वच्छ, खणखणीत आवाज.

"छान आहे," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण याचे दोन्ही पाय सारखे आहेत."

"माणसाचे सारखेच असतात."

"म्हाताऱ्याचे नसतात. एक पाय दुसऱ्याची वाट बघतो."

दाढीने दाढी कुरवाळली. मग तिचा आवाज लावला आणि डोळे मिटून ऐकला.

"हं."

"काय हं?"

"रागावू नकोस हं. पण हा म्हातारा वाटत नाही. एखादी मुलगी बापाचे बूट घालून चालतेय असं वाटतंय."

झालं होतं तसंच. बूट भारी होते, खडी खरी होती, पण आतलं माणूस हलकं. खडीला वजन कळतं, तिला फसवता येत नाही.

"मला तुझ्याच हातचं हवंय गं," दाढी म्हणाला, "पण रविवारपर्यंत दे. नाहीतर मी मशीनचं लावून पाठवून देतो."

घरी आल्यावर तिने आईला हे सगळं सांगितलं. आईने पोळीचं पीठ मळता मळता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मशीनच बरं. त्याला फ्रीज तरी बंद करावा लागत नाही."

बाबा पलीकडे पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, इतकंच.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दुर्बीणकाकूंच्या छतावर ती जड पावलं सुरू झाली.

आता तुम्ही म्हणाल, अहो, मायक्रोफोन तर कुलपात होता. मुलगी तर वजनाने चिमणी. तेच तर इमारतही म्हणत होती! एक पाय पडायचा, मग क्षणभर काही नाही, मग दुसरा पाय, आणि मागोमाग खडीची करकर. काकूंनी पावलांवरून माणसाचं सगळं चित्र उभं केलं होतं. विधुर, मधुमेही, डावा गुडघा गेलेला. "आणि तापट," त्यांनी नंतर पुस्ती जोडली. शिंपीणबाईंचं म्हणणं पडलं, की तो कॉलेजातला प्राध्यापक असावा. "केमिस्ट्री राहिली ना हिची? मग!" या "मग!" मध्ये त्यांनी इतकं काही भरलं, की ऐकणाऱ्याला स्वतःचं काही घालायची गरजच उरली नाही.

शेवटी काकूंनी जिन्यात खुडबुडीच्या आईला गाठलंच.

"बाई, तुमची मुलगी ती माझी मुलगी, म्हणून सांगते. दुपारी घरी कुणीतरी येतं हो."

"उंदीर असतील."

"उंदीर बूट घालत नाहीत!"

आईने ते हसण्यावारी नेलं, पण जेवताना विषय काढलाच.

"काय गं, दुपारी कोण येतं घरी?"

"परकं कुणी नाही येत," खुडबुडी ताटाकडे बघत म्हणाली. आणि हे मात्र मानायला हवं, की पोरगी खोटं बोलत नाही.

"अहो, तुम्ही तरी लक्ष घाला. एखाद्या दुपारी ऑफिसातून येऊन जा घरी."

बाबांना ठसका लागला. पाणी प्यायले, डोळे पुसले, आणि आपल्या नेहमीच्या भारदस्त आवाजात म्हणाले, "भर दुपारी ऑफिस सोडून यायचं म्हणजे काय गंमत आहे?"

रविवारी खुडबुडीने दाढीला आवाज नेऊन दिला. त्याने दोनदा ऐकला आणि कॉम्प्युटरमधली मशीनची पावलं पुसून टाकली. ती म्हणाली, "अरे, ठेव की, कधीतरी लागतील." तो म्हणाला, "तरुण म्हातारा लागला की पुन्हा करून घेईन." त्या दिवसापासून छतावरची पावलं बंद झाली. काकूंनी त्याचा अर्थ असा लावला, की त्याला कळलं असावं, आपल्यावर नजर आहे.

मग पुढे फिल्म स्पर्धेत निवडली गेली आणि चित्रकलेच्या कॉलेजच्या हॉलमध्ये एका संध्याकाळी दाखवली गेली. खुडबुडीने अख्ख्या इमारतीला आमंत्रण दिलं. आम्ही सगळे गेलो. काकूंनी पाठीला उशी आणली होती. पुढच्या रांगेत खुडबुडी, तिची आई, आणि आईच्या शेजारी बाबा, इस्त्रीच्या शर्टात, वरात निघायच्या आधी नवरदेव बसतो तसे ताठ.

अंधार झाला. पडद्यावर दीपगृह आलं, दार उघडलं, आणि म्हातारा खडीवर उतरला. एक पाय. मग क्षणभर काही नाही. मग दुसरा पाय.

माझ्या शेजारी उशी खाली पडली.

"अगं बाई!" काकू ओरडल्या. "हाच! हाच तो! देवाशपथ हाच!"

"शूः!" चारी बाजूंनी आवाज आले.

"शूः काय? ओळखते मी त्याला! बघा, डावा गुडघा!"

हॉलभर खसखस पिकली. पण खरं सांगतो, थोड्याच वेळात सगळे गप्प झाले. तो चित्रातला म्हातारा असा काही चालत होता, की त्याच्या घरी कुणी वाट बघणारं नाही हे ऐकूनच कळत होतं. परतीच्या चढावर तो मध्येच थांबला, तेव्हा काकूंनी मला हलक्या आवाजात विचारलं, "पोचेल ना हो हा वर?" पोचला. दीपगृहाचा दिवा लागला.

मग नावांची पाटी वर सरकायला लागली. चित्रं दाढीची, आवाज खुडबुडीचा. आणि त्याखाली, स्वतंत्र ओळीत, "पावलं : बाबा".

दिवे लागले. आई सावकाश नवऱ्याकडे वळली. नुसती बघत राहिली. बालवाडीतल्या पोरांवर हाच उपाय चालतो म्हणे.

"जेवणाची सुट्टी असते आम्हाला," बाबा समोरच्या कोऱ्या पडद्याकडे बघत म्हणाले.

"आणि शब्द म्हणजे शब्द?"

"सुटली की केमिस्ट्री. फुकट नाही चाललो मी. विचार तिला."

"खरंच गं आई," खुडबुडी म्हणाली. "उत्तर चुकलं की बाबा पुढची फेरी चालायचेच नाहीत."

आईने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही. मायक्रोफोन तेव्हापासून खुडबुडीच्या टेबलावर असतो.

तर खरं एवढंच आहे. त्या खोलीत दुपारी एक पुरुष येत होता. तो खुडबुडीचा बाप होता. त्यानेच कपाट उघडून दिलं होतं. तो खोलीभर पसरलेल्या खडीवर एक फेरी चालायचा आणि मग तिला केमिस्ट्रीचा एक प्रश्न विचारायचा.